मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या इटालियन डावात (ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ अशी सुरुवात) एफ७ वर घोडा पडतो, काय करू?

काळी_मोहरी: रविवारी दादरला रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) स्पर्धा आहे. मी काळी मोहरी घेऊन खेळतोय. पांढऱ्याचा घोडा जी५ वर येतो, मी प्यादं डी५ करतो, मारामारी होते, मग तो एफ७ वर घोडा देऊन माझा राजा बाहेर ओढतो. लवकर सांगा. एकच चाल हवी, थिअरी (पाठ करायच्या चालींची यादी) नको.

गिरगावकर: तुमची तिसरी चाल उंट सी५ की घोडा एफ६? उंट असेल तर जी५ चा घोडा वजिराने फुकट मिळतो. आणि डी५ वर परत कशाने मारता?

काळी_मोहरी: घोडा एफ६. परत घोड्यानेच मारतो, प्यादं कशाला सोडू?

गिरगावकर: सोडाच. पाचवी चाल घोडा ए५, उंटावर हल्ला. उंट बी५ शह, सी६, प्यादं मारतं, बी-प्याद्याने परत मारा. उंट ई२ ला गेला तर एच६, घोडा एफ३, ई४. डी३ ला गेला तर घोडा डी५. वजिराची वाट मोकळी होऊन जी५ च्या घोड्यावर हल्ला होतो. वजीर एफ३ आला तर हत्ती बी८. एक प्यादं कमी, पण तुमची मोहरी भराभर बाहेर येतात.

मुलुंड_एक्सप्रेस: एवढं कशाला? चौथ्या चालीला उंट सी५, म्हणजे ट्रॅक्सलर नावाचा उलटा हल्ला! घोड्याने एफ७ घेतलं की उंट एफ२ शह.

गिरगावकर: आणि उंटाने एफ७ घेऊन शह दिला तर? राजा ई७, किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल) गेला, उंट बी३ वर सुखरूप, वर एक प्यादं. नवख्याला हे देऊ नका.

पार्लेकर: तिसऱ्याच चालीला एच६ करा, घोडा येणारच नाही.

मुलुंड_एक्सप्रेस: एक चाल वाया. पांढरा लगेच डी४ करून केंद्र उघडतो.

हत्ती_घोडा: पहिल्याच ई४ ला सी६ खेळा, म्हणजे कॅरो-कान ही वेगळीच सुरुवात. कटकट संपली.

ठाणेकर: किल्लेकोट करताना आधी राजा उचला, एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावून मग राजाला लावला तर त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही.

काळी_मोहरी: ते माहीत आहे हो! उंट सी५ सोपं वाटतंय. पण डी३, घोडा एफ६ झाल्यावर घोडा जी५ आला तर?

गिरगावकर: वजिराची वाट आता तुमच्याच घोड्याने अडवली, म्हणून फुकट मिळणार नाही. किल्लेकोट करा. त्याने एफ७ वर उंट आणि घोडा दोन्ही दिले तर त्याला मिळतात हत्ती आणि प्यादं. ओपनिंगमध्ये दोन मोहरी भारी पडतात; तो सौदा खुशाल होऊ द्या.