संकटात प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत, तेव्हा काय करावं?

प्रश्न: सर्वांना सलाम. आजारपण आणि कर्ज एकदमच अंगावर आलं की प्रार्थनेला बसूनही तोंडून शब्द निघत नाही. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर: ताई, बायबलमधलं स्तोत्र १३ घ्या. अवघी ६ वचनं. पहिल्या २ वचनांत दावीद राजा देवाला 'अजून किती काळ?' हाच सवाल ४ वेळा करतो, ३-४ मध्ये मागणं, ५-६ मध्ये भरवसा. याच वाटेने जा. तक्रार आधी, मोठ्याने आणि नेमकी: 'मी दुःखी आहे' असं मोघम नको, 'शनिवारी हप्ता आहे, हातात पैसे नाहीत' असं. लोक थेट ५व्या वचनावर उडी मारतात. मग तक्रार पोटातच कुढत राहते.

उत्तर: भरवसा लगेच येत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. स्तोत्र ८८ अंधारावरच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये आहे. शब्दच नसतील तर शत्रू चालून आल्यावर यहोशाफाट राजाने केलेली प्रार्थना पुरे (बायबल, २ इतिहास २०:१२): काय करावं कळत नाही, पण डोळे तुझ्याकडे लागले आहेत.

उत्तर: शरीराकडेही बघा. बायबलच्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत बसत नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाणी, झोप, पुन्हा भाकर. होरेब डोंगराची ४० दिवसांची वाट त्यानंतर. तेव्हा औषधं चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास धरू नका. आणि चर्चच्या मंडळीतल्या दोघांना स्पष्ट सांगा: दवाखान्यात सोबत हवी, संध्याकाळचा डबा हवा.