माझ्या काल्पनिक बेटावरच्या नद्या समुद्रापर्यंत पोचतच नाहीत

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. दर शनिवारी मी आणि माझे तीन भाचे गोष्टीचा खेळ खेळतो. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे तिघं त्यातली पात्रं होतात. दर वेळी नवा मुलूख लागतो, म्हणून नकाशा आपोआप तयार करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. जावास्क्रिप्टमध्ये, ५१२ बाय ५१२ चौकोनांचा ग्रिड, उंचीसाठी पर्लिन नॉइजचे, म्हणजे सलग चढउतार देणाऱ्या यादृच्छिक आकड्यांचे, सहा थर. सीड, म्हणजे प्रोग्रॅमला सुरुवातीला दिलेला आकडा, बदलला की नवं बेट. पहिल्या दिवशी किनारे आणि डोंगर बघून मी हरखून गेले होते.

मग नद्या सोडल्या. नियम साधा ठेवला: शेजारच्या आठ चौकोनांपैकी जो सगळ्यात खाली, त्यात पाणी जायचं. नदी डोंगरावरून निघते, आठ-दहा चौकोन उतरते आणि एका खळग्यात बसते. समुद्र तिथून दीडशे चौकोन लांब.

उंची ब्लर करून, म्हणजे शेजारच्या चौकोनांशी सरासरी काढून, पाहिली. खळगे घटले, पण डोंगरही विरघळले. मग खळगे काठोकाठ भरणारा कोड लिहिला. आता जागोजागी सपाट तळी झालीत, आणि तळ्यात शिरलेल्या पाण्याला आठही बाजू सारख्याच. नदी परत अडकली.

मी वाईची, घाटावर बसून कृष्णा बघत मोठी झाले. नदी नसलेल्या नकाशात गाव कुठे वसवायचं तेच मला कळत नाही. हाताने निळी रेघ ओढायची नाहीये. कुठे चुकतंय?

हीपवाला:
ताई, तुमचा पाण्याचा नियम बरोबर आहे, जमीनच पाण्याने घडवलेली नाही. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात हा नॉइज संगणकावरच्या चित्रांना संगमरवर, ढग असा नैसर्गिक पोत यावा म्हणून काढला. १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यासाठी तांत्रिक पुरस्कार दिला. पण पाणी कुठे वाहतं हे त्यात कुठेच नाही. खऱ्या जमिनीवर पाणी खळगा भरतं, काठ कापून वाट काढतं, आणि हे हजारो-लाखो वर्षं चालतं.

तुम्ही डोंगरावरून खाली येताय, त्याऐवजी समुद्राकडून वर चढा. किनाऱ्याचे सगळे चौकोन एका हीपमध्ये (सगळ्यात लहान आकडा आधी बाहेर देणारी यादी) टाका. सगळ्यात खालचा बाहेर काढा. त्याचा जो शेजारी अजून पाहिलेला नाही, त्याची उंची बाहेर काढलेल्यापेक्षा कमी किंवा तेवढीच असेल तर ती त्याच्याहून किंचित जास्त करा आणि त्याला हीपमध्ये टाका. हीप रिकामा होईपर्यंत चालू द्या. याला प्रायॉरिटी फ्लड म्हणतात. शेवटी प्रत्येक चौकोनाला समुद्राकडे जाणारा उतार मिळतोच.

मग चौकोन उंचीनुसार लावा, वरून सुरुवात करून प्रत्येकाचं पाणी खालच्याच्या खात्यात जमा करा. ठरावीक मर्यादेपुढे पाणी साठलं की ती नदी. काढताना रुंदी पाण्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवा, नाहीतर मुखाशी नदी अख्खा प्रांत गिळेल.

डोंगरयात्री:
वर सांगितलेलं केलंत तर नद्या वाहतील, पण तुमचा डोंगर बेटाच्या मधोमध असणार आणि नद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चारी दिशांना जाणार. वाईच्या माणसाला ते रुचायचं नाही.

महाबळेश्वरचं पंचगंगेचं देऊळ आठवा. तिथे ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत जाते. कृष्णा मात्र अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगम पावते आणि पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. कारण पठार पूर्वेकडे कललेलं आहे आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. तुमच्या उंचीत पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू उतरणारा कल मिसळा आणि पश्चिम कडेला कोकणासारखी सखल पट्टी सोडा. नॉइज राहू द्या, पण त्याचा जोर कमी करा.

पाऊसही सगळीकडे सारखा पाडू नका. वारा पश्चिमेकडून सोडा, चढ लागला की त्यातली वाफ कमी करत जा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि घाट उतरून वाईत आलं की हजाराच्या आत. हा फरक नकाशात उतरला की जंगल कुठे आणि माळरान कुठे हे वेगळं ठरवावं लागणार नाही.

कृष्णाकाठची:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री दोनपर्यंत बसले. कल मिसळल्यावर बेटाचा चेहराच बदलला. पण दोन मोठ्या तळ्यांत नदी अजूनही थांबतेय. किंचित जास्त म्हणून मी एक अब्जांश मिळवते. उंची शून्य ते एक, फ्लोट३२ॲरेमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या दशांश आकड्यांच्या यादीत.

हीपवाला:
सापडलं. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये जेमतेम सात अंक मावतात. ०.६ मध्ये एक अब्जांश मिळवला तरी आकडा ०.६ च राहतो, म्हणून तळं सपाटच. एक लाखांश घ्या किंवा ६४ बिटांचा फ्लोट६४ वापरा. त्याहून पक्कं म्हणजे हीपमध्ये टाकताना तो चौकोन कोणाच्या शेजारातून आला ते नोंदवून ठेवा. पाणी त्याच वाटेने परत सोडा, मग उंचीची तुलनाच नको.

कृष्णाकाठची:
झालं! आलेल्या वाटेची नोंद ठेवली. सीड ४१२: पश्चिम किनाऱ्यापासून नऊ चौकोनांवर एक बारीक रेघ सुरू होते, समुद्राकडे पाठ करते आणि तळ्यातून बाहेर पडून ३८० चौकोन पूर्वेला जाते. मध्ये दक्षिणेकडून दुसरी नदी मिळते. कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात, तसाच कोन पडलाय. मी किती वेळ नुसती बघत बसले होते.

पहिलं गाव, वाकेश्री, त्या संगमावर ठेवलं. धाकटा भाचा म्हणाला, नदीच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत मग नाव एकच कसं? बरोबर होतं त्याचं. आता कोडमध्ये घातलंय: वस्ती नदीने दुभागली तर मोठा भाग बुद्रुक, लहान खुर्द. शनिवारी खेळ वाकेश्री खुर्दच्या धक्क्यावरून सुरू होतोय.