स्टेशनवरचा जुना पादचारी पूल: डागडुजी की नवा?

प्रश्न: आमच्या कोकणातल्या स्टेशनवरच्या लोखंडी पुलाच्या खांबांना तळाशी गंजाचे पापुद्रे सुटताहेत. रंग देऊन भागेल का?

उत्तर १: नाही. पापुद्रे झाडून उरलेली जाडी अल्ट्रासोनिक गेजने मोजायला सांगा. खारी हवा आणि पायथ्याशी साचणारं पाणी बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी पाटी) आणि तिला पायाशी जखडणारे अँकर बोल्ट खातं; वरचा रंग मात्र ठीक दिसतो, खरा धोका तोच.

उत्तर २: नव्या पुलाचे भाग कारखान्यातच भोकं पाडून, मग वितळलेल्या जस्तात बुडवून आणावेत. जागेवर वेल्डिंग केलं की जस्त जळतं, गंज तिथूनच धरतो. जोड बोल्टचेच हवेत.

उत्तर ३: गर्डर (पुलाची मुख्य तुळई) चढवताना ट्रॅफिक ब्लॉकसोबत (ठरावीक वेळ गाड्या बंद) पॉवर ब्लॉकही (तारेतली वीज बंद) लागतो; वर २५,००० व्होल्टची तार आहे. तारेचं अर्थिंग (ती जमिनीशी जोडणं) झाल्याशिवाय क्रेन हलता कामा नये. पाया पावसाआधी उरकावा.