मदत हवी आहे: नवं ग्राफिक्स कार्ड लावलं की विंडोज उठत नाही, जुनं लावलं की सुरळीत

पारोळ्याचा_एडिटर:

मंडळी, नमस्कार. लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो, मधूनमधून अहिराणी गाण्यांचे व्हिडिओही. कॉम्प्युटर २०२१ चा आहे: आय-५ १०४००एफ, एच४१० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (पॉवर सप्लाय), विंडोज १० साटा एसएसडीवर. त्या साली कार्डांचे भाव असे पेटले होते की घरातल्या जुन्या मशीनचं जीटीएक्स ६५० काढून यात बसवलं आणि विंडोजची एसएसडीही तिकडचीच उचलून लावली. आजवर त्यावरच रेटलं. पण २ जीबीच्या कार्डावर फोरके क्लिप टाकली की 'जीपीयू मेमरी फुल'चा बोर्ड ठरलेला. म्हणून आता आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं.

नुसतं 'चालू होत नाही' म्हणून कोणाला काय कळणार, म्हणून लक्षणं नीट सांगतो. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, कार्डाचेही. बोर्डाचा लोगो दिसतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाता येतं. तिथे एसएसडीचं नाव दिसतं, पण बूटच्या यादीत ती नाही. बाहेर पडलं की काळ्या पडद्यावर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. जुनं ६५० परत खोचलं की विंडोज जसंच्या तसं उठतं. फक्त सुरुवातीला 'नॉन-यूईएफआय' असं काहीतरी लिहिलेला इशारा चमकून जातो. तो पहिल्यापासून यायचा, कधी लक्ष दिलं नाही.

मॉनिटरची केबल कार्डालाच आहे. १०४००एफ ला स्वतःचा डिस्प्लेच नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

कार्ड घेतलं त्या दुकानात विचारलं तर म्हणे ८५० चा एसएमपीएस घ्या, नाहीतर फॉर्मॅट मारा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नांचं काम डोक्यावर असताना फॉर्मॅट कसा मारू? सगळे प्लगिन, सगळे प्रोजेक्ट त्यातच आहेत.

तापीकाठ:

भाऊ, एसएमपीएसच. ३०६० ला कंपनी कमीत कमी ५५० वॅट सांगते, म्हणजे तुम्ही अगदी काठावर. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळात दुपारी पंख्याची हवासुद्धा भाजते, एसएमपीएस बिचारा काय करणार.

चाळीसगावकर:

कार्डाची वायर कुठून घेतली ते सांगा आधी. एसएमपीएसवर सीपीयूची वायर ४+४ असते आणि कार्डाची ६+२, दिसायला सारख्या पण आतली जोडणी उलटी. आणि साटाच्या वायरीला ८ पिनचा कन्व्हर्टर लावला असेल तर लगेच काढा. साटाचा एक कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनवलेला असतो, त्याच्यावर कार्ड चालवलं की प्लास्टिक वितळतं.

पारोळ्याचा_एडिटर:

नाही दादा, ६+२ ची वायर थेट एसएमपीएसमधूनच. टक् आवाज येईपर्यंत बसवली आहे.

फैजपूरचा_जुना_डबा:

एसएमपीएसला उगाच बदनाम करू नका. लोगो दिसला, बायोसमध्ये बसता आलं, म्हणजे कार्ड जिवंत आहे आणि वीजही पोचते आहे. ३०६० चे १७० वॅट रेंडर मारताना लागतात, बायोसच्या पडद्यावर नाही. एसएमपीएस कमी पडला असता तर एक्स्पोर्टच्या मध्यात मशीन धाडकन बंद झालं असतं. तुमचं मशीन बंद पडत नाही, त्याला विंडोज सापडत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत.

खरी खूण तुमच्या त्या इशाऱ्यात आहे. ६५० हे २०१२ चं कार्ड. त्या काळच्या बऱ्याच कार्डांच्या चिपमध्ये यूईएफआयला, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीला, लागणारा भाग नसतो. असं कार्ड दिसलं की काही बोर्ड आपणहून सीएसएम चालू करतात, म्हणजे जुन्या बायोससारखं वागायला लागतात, आणि तसा इशारा देतात. तुमची एसएसडी जुन्या मशीनमधून आलेली, म्हणजे विंडोज बहुतेक लेगसी (जुन्या) पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं. सीएसएम चालू असल्यामुळे आजवर ते गुपचूप उठत होतं. ३०६० मध्ये यूईएफआयचा भाग आहे, त्यामुळे बोर्ड सीएसएम बंदच ठेवतो. आता तो डिस्कवर ईएफआय पार्टिशन, म्हणजे यूईएफआयला विंडोज सुरू करायला लागणारा कप्पा, शोधतो, एमबीआर डिस्कवर ते नसतं, म्हणून यादी रिकामी.

खात्री करून घ्या. जुनं कार्ड लावून विंडोजमध्ये जा, रनमध्ये एमएसइन्फो३२ टाका. 'बायोस मोड' समोर लेगसी दिसलं तर माझं म्हणणं बरोबर. यूईएफआय दिसलं तर मी चूक, मग पुन्हा बोलू.

लेगसी असेल तर आजचं काम निघण्यापुरता उपाय: नवं कार्ड लावा, बायोसमध्ये बूटच्या पानावर सीएसएम इनेबल करा, सेव्ह करून बाहेर. फॉर्मॅटची काही गरज नाही.

पारोळ्याचा_एडिटर:

लेगसीच निघालं! पण नवं कार्ड लावून बायोसमध्ये गेलो तर सीएसएमची ओळ करड्या रंगात, हातच लावू देत नाही.

फैजपूरचा_जुना_डबा:

सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारं कुलूप, चालू असेल. आधी ते बंद करा. काही बोर्डांत 'ओएस टाइप'मध्ये 'अदर ओएस' निवडावं लागतं. सेव्ह करून परत आत या, ओळ उघडलेली असेल.

पारोळ्याचा_एडिटर:

जमनं भाऊ, जमनं! विंडोज आलं, ड्रायव्हर टाकला, एडिटिंगच्या रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये १२ जीबी दिसताहेत. ज्या हळदीच्या क्लिपवर मशीन गुडघे टेकायचं ती आता टाइमलाइनवर सरळ पळते. दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो मग तरी ८५० चा घेऊनच ठेवा.

एक शंका. सीएसएम असंच कायम चालू ठेवलं तर चालेल ना?

फैजपूरचा_जुना_डबा:

सीझनभर चालवा, काही बिघडत नाही. पण सीएसएम चालू असताना ३०६० चं रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) मिळत नाही, आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आज ना उद्या बदलावं लागणारच.

फॉर्मॅट न करता बदलता येतं. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर डिस्कची नव्या जीपीटी मांडणीत बदल करणारं एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आतच आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, टूलच्या नावापुढे व्हॅलिडेट आणि अलाऊफुलओएस असे दोन शब्द द्या, प्रत्येकाआधी तिरपी रेघ (/), सगळं इंग्रजीत. ते 'यशस्वी' म्हणालं तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट टाकून पुन्हा चालवा. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) लावलं असेल तर आधी थांबवा. कन्व्हर्ट झाल्यावर सीएसएम बंद केल्याशिवाय विंडोज कदाचित उठणार नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. आणि त्यानंतर ते ६५० या बोर्डात परत खोचू नका, बोर्ड पुन्हा सीएसएमवर जाऊ शकतो.

हे सगळं करण्याआधी प्रोजेक्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. अर्ध्यात लाईट गेली तर पार्टिशन टेबलचं काय होईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर आहे ना?

पारोळ्याचा_एडिटर:

आहे, पण बॅटरी कूलरच खाऊन टाकतो. कन्व्हर्ट आखाजी झाल्यावरच करतो, कूलर बंद ठेवून, पहाटे.