आर्मिस्टिस: शस्त्रसंधी, युद्धतहकुबी की तह?

सदाफुली
कोरियावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय. कोरियन युद्ध थांबवणाऱ्या ज्या कागदावर २७ जुलै १९५३ ला दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजॉमला सह्या झाल्या, त्या 'आर्मिस्टिस'ला मी 'शस्त्रसंधी' म्हटलं. मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'तह' केलंय. शस्त्रसंधी म्हटलं की वाचकाला सीमेवरचा गोळीबार थांबणं एवढंच आठवतं, असं त्यांचं म्हणणं. हरकत रास्त आहे. पण तह म्हटलं की युद्ध मिटलं, आणि कोरियात ते कागदोपत्री अजून मिटलेलं नाही. अंतिम तोडगा निघेपर्यंतची ही सोय आहे, असं त्या मजकुरातच आहे. तोडगा काढायला १९५४ मध्ये जिनिव्हात परिषद भरली, तीही निष्फळ ठरली. मग सीझफायर, आर्मिस्टिस आणि पीस ट्रीटी यांना मराठीत तीन वेगळे शब्द कोणते?

बखरवाला
तह अजिबात नको. १७८२ चा मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह घ्या. महादजी शिंदे मध्ये पडले, साष्टी कुणाकडे राहणार, राघोबादादांना नेमणूक, म्हणजे तनखा, किती, सगळं लिहून ठरलं. तहात देणंघेणं चुकतं होतं, म्हणून तर आपण 'युद्धात कमावलं, तहात गमावलं' म्हणतो. पानमुनजॉमला काय चुकतं झालं? आर्मिस्टिसला जुन्या लिखाणात 'युद्धतहकुबी' हा नेमका शब्द आहे. तहकूब सभा संपलेली नसते, ती पुढे भरायची असते.

ऋजुता_ना
तहकूब हा शब्द नगरपालिकेच्या सभेत शोभतो. 'युद्धविराम' सुंदर, सोपा आणि आपला असताना फारसीकडे कशाला जायचं? आणि शस्त्रसंधीच ठेवणार असाल तर निदान 'शस्त्रसंधी झाली' लिहू नका. तहाच्या अर्थी संधी पुल्लिंगी आहे. 'झाला' म्हणा.

बखरवाला
'आपला' म्हणजे कुणाचा? करार, मसुदा, तह, वकील हे सगळे शब्द बाहेरून आले आणि याच भाषेत पेशव्यांनी दोनशे वर्षांपूर्वी राजकारण केलं. निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे पेशव्यांचे 'वकील' होते, राजदूत नव्हते. माझ्या भाचीच्या पुस्तकात हा शब्द होता, तर ती मला विचारत होती की पेशव्यांची निजामाशी कोर्टात केस चालू होती का. जुने शब्द वापरातून काढले की पुढच्या पिढीला स्वतःचा इतिहास वाचता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हानकाठ
सोलमध्ये नोकरीला आहे. इथेही हाच वाद आहे! कराराच्या कोरियन नावात 'जॉंगजॉन' आहे, बोलताना मात्र लोक 'ह्यूजॉन' म्हणतात. सीमारेषेला तर सर्रास 'ह्यूजॉनसॉन'. दोन्हींत 'जॉन' म्हणजे युद्ध. 'ह्यू' म्हणजे विश्रांती, सुट्टीला 'ह्यूगा' म्हणतात त्यातलं. 'जॉंग' म्हणजे थांबणं, बसथांब्याच्या शब्दातही तेच. इथली तरुण मुलं आजही सक्तीच्या लष्करी सेवेला जातात. माझ्या शेजारच्या टेबलवरचा मुलगा म्हणतो, आमचं युद्ध सुट्टीवर आहे. म्हणून माझं मत तहकुबीला.

सदाफुली
फार मोलाची माहिती. आणखी एक अडचण. दक्षिण कोरियाने यावर सहीच केलेली नाही, त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री तयार नव्हते. सह्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या, उत्तर कोरियाच्या आणि चिनी स्वयंसेवकांच्या सेनापतींच्या. सेनापतींमधला करार म्हणजे तह नव्हे, हे मला आता मुद्रितशोधकांना सांगता येईल. पण २७ एप्रिल २०१८ ला पानमुनजॉमलाच उत्तरेचे किम जोंग उन आणि दक्षिणेचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी त्याच वर्षात 'युद्ध संपल्याची घोषणा' करायचं ठरवलं होतं, जी झाली नाही. म्हणजे तहाच्या अलीकडची अजून एक पायरी. तिला काय म्हणू?

घाटमाथा
विषय निघालाच आहे तर आमच्या कोल्हापूरकडच्या थोरातांचं नाव यायलाच हवं. कैद्यांच्या प्रश्नावर वाटाघाटी महिनोन्‌महिने अडल्या होत्या. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. री यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून इंचॉनच्या किनाऱ्याजवळच्या बोटींवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः तारांच्या आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच. आपल्याकडे हे शाळेत शिकवत नाहीत.

ऋजुता_ना
थोरातांबद्दल पूर्ण सहमत. मात्र 'मुत्सद्दी' हा मुळात हिशेब-दप्तर सांभाळणारा कारकून. थोरातांसारख्या माणसाला 'राजनयज्ञ' म्हणा.

घाटमाथा
राजनयज्ञ कोण म्हणतं हो? आमच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा 'लई मुत्सद्दी गडी' म्हणतात, आणि त्यात कौतुकच असतं. कारकून कधीच मागे पडला.

हानकाठ
ऋजुताताई, लिंगाचा मुद्दा मात्र मला सुटत नाही. बातम्यांत 'शस्त्रसंधीचे उल्लंघन' असंच येतं आणि तिथे पुल्लिंग-स्त्रीलिंग कळतच नाही. उल्लंघन सोडून ती लागू होते तेव्हा माझ्या तोंडी 'झाली'च येतं, घरात सगळ्यांच्याच.

ऋजुता_ना
संधी 'मिळाली', ती वेगळी. स्वरसंधी 'झाली' म्हणाल का?

बखरवाला
व्याकरणाच्या तासाला नाही म्हणणार. पण शस्त्रसंधी व्याकरणाच्या तासातून नाही, वर्तमानपत्रातून घरात आली.