पीडित प्रतिकराची रक्कम कमी वाटते, अपील कुठे करायचं? (इंदूर)

रामबागकर:
एका महिलेच्या कागदपत्रांसाठी विचारतोय. चाकूहल्ल्यात मनगटाच्या वरची नस कापली गेली, उजव्या हाताची पकडच गेली. विधिक सेवा प्राधिकरणातून प्रतिकर (सरकारी भरपाई) मंजूर झाला, पण खात्यात फक्त ३१,२५० रुपये आलेत. अपंगत्वाचा दाखला (४२ टक्के) आदेशानंतर हातात आला. आरोपी सापडलेला नाही, म्हणून रक्कम कापली का? आणि अपील इथल्या हायकोर्टाच्या खंडपीठातच ना?

तारीख_पे_तारीख:
पासबुकावरून आदेशाचा अंदाज बांधू नका. नाल्साच्या (राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या महिला योजनेत मंजूर रकमेतले २५ टक्केच लगेच वापरायला मिळतात, उरलेले ७५ टक्के किमान ३ वर्षं मुदतठेवीत राहतात. ३१,२५० च्या चौपट म्हणजे सव्वा लाख. योजनेच्या तक्त्यात ‘गंभीर दुखापत’ या ओळीत १ ते २ लाख आहेत, त्यातून दिलेले दिसतात. आदेशात पाहून खात्री करा. उपचारासाठी ठेवीतले पैसे हवे असतील तर प्राधिकरणाकडेच साधा अर्ज द्यायचा, ते अपिलाचं काम नाही.

आरोपीचा इथे संबंध नाही. प्रतिकराचं कलम म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५७-अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३९६. आरोपीचा पत्ता नसला, खटला उभा राहिला नाही, तरी पीडित अर्ज करू शकते.

नकलशाखा:
हायकोर्ट आत्ता नाही. अपील राज्य विधिक सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे जबलपूरला. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवस. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज, कारण आणि शपथपत्र सोबतच जोडा. तिथूनही नकार आला तर इंदूर खंडपीठात रिट.

लोक अपिलात ‘रक्कम फार कमी आहे’ एवढंच लिहितात आणि तिथेच फसतात. १ ते २ लाखांच्या मर्यादेत सव्वा लाख दिले तर चूक कोणाची दाखवणार? तुमचा मुद्दा ओळ चुकल्याचा आहे. अवयव निकामी होऊन ४० ते ८० टक्के कायमचं अपंगत्व असेल तर २ ते ४ लाखांची ओळ लागते. हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. दाखला नंतरचा आहे, म्हणून आधी का जोडता आला नाही तेही लिहा: उपचार चालू होते, दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळाची तारीख अमुक. मग बुडालेली मजुरी, पुढच्या शस्त्रक्रियेचा अंदाज, तपासासाठी झालेला प्रवासखर्च. हे सगळं योजनेत रक्कम ठरवताना बघायचं आहे, पण पावत्या नसतील तर कोण बघणार? मसुदा हिंदीत करा, उगाच भाषांतराच्या फेऱ्या नकोत.

वकिलाला पैसे देऊ नका. विधिक सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

पोहे_जिरावण:
४२ आणि ४० मध्ये दोनच टक्क्यांचं अंतर आहे, म्हणून दाखला शब्दन्‌शब्द वाचा. ‘कायमचं’ लिहिलंय की ‘तात्पुरतं, पुनर्तपासणी आवश्यक’? तात्पुरतं असेल तर ती ओळ लागणारच नाही. टक्के कोणत्या अवयवाचे, तेही त्याच वाक्यात असतं. ती जागा कोरी असेल तर आधी मंडळाकडून दुरुस्त करून घ्या, मग जबलपूर.

रामबागकर:
दाखल्यात ‘कायमचं’ आहे, अवयवही लिहिलाय. आदेश टपालाने आला होता.

नकलशाखा:
मग पाकीट जपा. ३० दिवस त्यावरच्या शिक्क्यावरून सिद्ध करावे लागतील.