श्रवणयंत्राविना घेतलेली स्मरणचाचणी ग्राह्य धरावी का?

आईचे वय ७६ असून तिला दोन्ही कानांनी मध्यम प्रमाणात कमी ऐकू येते. ऑडिओमेट्री (ऐकण्याच्या क्षमतेची तपासणी) झाली आहे, कानात मळ नाही आणि श्रवणयंत्रही आहे, पण चार जण एकदम बोलू लागले की ती ते काढून उशाशी ठेवते. गेल्या महिन्यात तिची स्मरणशक्तीची चाचणी यंत्राविनाच, तोंडी शब्द सांगून घेतली गेली आणि गुण कमी आले. पाचांपैकी दोन शब्द तिने मुळातच चुकीचे ऐकले होते, कारण लगेच म्हणून दाखवतानाही ती ते वेगळेच म्हणाली.

२०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या श्रवणोपचारावरील (श्रवणयंत्र व मार्गदर्शन) अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींमध्ये तीन वर्षांनी बौद्धिक घसरणीत एकूण फरक दिसला नाही, मात्र अशा घसरणीची जोखीम अधिक असलेल्या उपगटात श्रवणोपचाराने ती ४८ टक्क्यांनी कमी आढळली, हे वाचले आहे. त्यामुळे यंत्र वापरावे की नाही, हा प्रश्न नाही. त्याच्या फेरजुळणीची (आवाज तिच्या कानांनुसार पुन्हा बसवून घेण्याची) वेळही घेतली आहे. आईला वाचायला अडचण नाही.

शब्द व सूचना लेखी दाखवून घेतली जाणारी चाचणी कुणी करून घेतली आहे का, आणि ती फेरजुळणीनंतर किती दिवसांनी घ्यावी?